छोटा बंद ट्रेलर: आत झोपावं की सामान भरावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार फूट रुंद, आठ फूट लांब, एका ॲक्सलचा (म्हणजे दोन चाकांच्या एकाच आसाचा) बंद पेटीचा ट्रेलर तुमच्या हाती आला आहे. बहुतेक वेळा तुम्ही दोघंच निघता, अधूनमधून दोन्ही मुलं सोबत असतात. आत गादी टाकून तिथेच झोपावं, की ट्रेलर सामानाला ठेवून बाहेर तंबू लावावा? आणि दोन्ही एकदमच जमवता येईल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण लोक अडकतात ते तिथेच. कागदावर दोन्ही जमतं: दिवसा गादीवर सामान, रात्री सामान बाहेर आणि गादी मोकळी. प्रत्यक्षात मुक्कामाला पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो, पाऊस असतो, नाहीतर नुसताच जीव दमलेला असतो. अशा वेळी आठ-दहा खोकी बाहेर काढायची, ताडपत्रीखाली झाकायची, आणि सकाळी ओली झालेली खोकी पुन्हा गादीवर चढवायची. पहिली रात्र हौसेत निभते. पुढे माणसं एकतर खोक्यांच्या कडेला पाय दुमडून झोपतात किंवा मुकाट्याने तंबू लावतात. म्हणून माझी अट सोपी आहे: दार उघडलं, बूट काढले की थेट आडवं होता आलं पाहिजे. मध्ये एकही खोकं हलवावं लागत असेल तर तो सामानाचा ट्रेलर समजा आणि सामानासाठीच नीट बांधा.

आता मूळ निवड. लोक ट्रेलरची मापं घेऊन बसतात. मी आधी गाडीची मागची सीट बघतो. झोपायचा ट्रेलर रस्त्यावर जवळजवळ रिकामी हवा घेऊन धावतो आणि रात्री भरतो. सामानाचा ट्रेलर रस्त्यावर भरलेला असतो आणि तळावर पोचल्यावर अर्धा मोकळा होतो. म्हणजे आत झोपायचं ठरवलं की प्रवासात सगळं सामान दुसरीकडे मावलं पाहिजे, आणि ती दुसरी जागा म्हणजे गाडीच. दोघंच असाल तर मागची सीट पाडून तंबू, खुर्च्या, भांडी, कपडे सगळं बसतं. मुलं आली की ती सीट गेली, आणि सामानाला ट्रेलरशिवाय जागा उरत नाही. ट्रेलर कितीही चांगला सजवला तरी हे गणित बदलत नाही.

त्यामुळे तुमच्यासाठी माझा निकाल असा: दोघंच जाल तेव्हा आत झोपा, चौघं जाल तेव्हा गादी घरी ठेवा, ट्रेलर सामानाने भरा आणि सगळे तंबूत झोपा. हे जमण्यासाठी पलंग उचलून काढता येईल असा हवा. तो कसा करायचा ते शेवटी सांगतो.

एक गोष्ट मात्र यात ढवळाढवळ करू शकते, ती म्हणजे तुमच्या प्रवासाची चाल. रोज जागा बदलणाऱ्यांना आत झोपण्याचा फायदा फार मोठा असतो. तंबू लावणं, चटया फुगवणं, सकाळी दवाने भिजलेलं कापड गुंडाळणं, हे सगळं वाचतं. पण एकाच ठिकाणी चार-पाच दिवस तळ ठोकणार असाल तर तंबू लावण्याचा त्रास एकदाच होतो आणि बदल्यात उभं राहून कपडे बदलता येतील एवढी जागा मिळते. आठ फुटी पेटीत ते सुख कधीच मिळत नाही, पँट झोपूनच चढवावी लागते. लांब मुक्कामाच्या सहलीत मी तर दोघांनाही तंबूच सुचवतो, आणि ट्रेलरचं स्वयंपाकघर आणि कोठी करायला सांगतो. याला अपवाद कडाक्याची थंडी, जोराचा वारा आणि दुखरे गुडघे. जमिनीवरून उठताना ज्याला आधार लागतो त्याला गुडघ्याच्या उंचीवरचा पलंग मिळत असेल तर बाकीचे हिशेब बाजूला ठेवावेत.

मापांबद्दल थोडं. चार बाय आठ फूट म्हणजे १२२ बाय २४४ सेंटीमीटर, तेही बाहेरून. आत फोम आणि प्लाय लावल्यावर रुंदी ११५ च्या आसपास उरते. घरचा साधा दुहेरी पलंग बहुधा १३५ ते १४० असतो. म्हणजे दोघं मावतात, पण एक जण कुशीवर वळला की दुसऱ्याला कळतं. लांबीत २०० सेंटीमीटर पलंगाला दिले तर मागे चाळीसेक सेंटीमीटर उरतात. त्यात बाहेरून उघडणारं छोटं स्वयंपाकघर बसतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत जे थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर आले त्यांची मांडणी नेमकी हीच होती, पुढे पलंग आणि मागे वर उचलायच्या झाकणाखाली स्वयंपाक. नंतर कुणालाही एवढ्या जागेत याहून फारसं चांगलं सुचलेलं नाही. उंचीचं माप गादीच्या वरून घ्या. बसलेल्या मोठ्या माणसाला बुडापासून डोक्यापर्यंत सुमारे ९० सेंटीमीटर लागतात, केस घासू नयेत म्हणून आणखी पाच-सात. गादी दहा सेंटीमीटरची असेल तर फळीपासून छतापर्यंत निदान १०५ ते ११० हवेत. यापेक्षा कमी असेल तर पावसाचा अख्खा दिवस आत काढता येणार नाही, फक्त झोपता येईल.

खर्च करण्याआधी घरी जमिनीवर चिकटपट्टीने आतल्या मापाचा चौकोन आखा, दोन्ही लांब बाजूंना भिंती म्हणून खुर्च्या उलट्या लावा आणि दोघंही त्यात एक रात्र झोपा. रात्री उठून बाहेर जायचं असेल तर कोण कुणाला ओलांडतं तेही बघा. दार एकाच बाजूला असेल तर हा प्रश्न रोज पडतो. बरेच जण सकाळी उठून सामानाचा ट्रेलर करायचं ठरवतात, आणि त्यात काही वाईट नाही.

आता हवा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सामानाच्या पेटीत गादी टाकणारे लोक गादीच्या जाडीवर तासभर चर्चा करतात आणि हवेचा विचार शून्य मिनिटं करतात. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामातून मिळून साधारण अर्धा लीटर पाणी हवेत सोडतात. तुमच्या पेटीत अंदाजे साडेतीन घनमीटर हवा आहे. १५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे १३ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे तुमची संपूर्ण हवा ४५ ग्रॅमवर तृप्त होते आणि तुम्ही तिच्यात त्याच्या दहापट पाणी ओतता. उरलेलं सगळं भिंतीवर, छतावर, स्क्रूच्या डोक्यांवर आणि गादीच्या पोटाखाली जमतं. सकाळी छतातून थेंब पडले की माणसं ट्रेलर गळतो समजून बाहेरून सीलंट लावत बसतात.

कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. झोपलेली दोन मोठी माणसं तासाला पंचवीस-तीस लीटर सोडतात. साडेतीन घनमीटरच्या हवाबंद पेटीत तो सव्वा तासाच्या आसपास १ टक्क्यावर जातो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. एवढ्याने जीव जात नाही, पण डोकं जड होतं, झोप तुटते, आणि पेटी खरोखरच हवाबंद असेल तर प्रमाण चढतच राहतं. तंबूच्या कापडाला, चेनला, तळाच्या कडेला फटी असतात. धूळ आत येऊ नये म्हणून रबराच्या पट्ट्या लावलेल्या सामानाच्या ट्रेलरला त्या नसतात. तेव्हा दोन झरोके हवेत, एक खाली आणि एक वर, शक्यतो समोरासमोरच्या बाजूंना, प्रत्येकी निदान तळहाताएवढा, जाळी लावलेला, आणि आतून पूर्ण बंद करताच येणार नाही असा. थंडीत लोक झरोक्यात कापड कोंबतात. म्हणून तर बंद न होणारा म्हणतो. छतात १२ व्होल्टचा पंखा बसवता आला तर उत्तमच. हळू वेगात तो इतकी कमी वीज घेतो की रात्रभर चालला तरी बॅटरीला फारसं कळत नाही.

थंडी वाजते म्हणून आत शेगडी, कोळसा, गॅसचा उघडा हीटर, काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. विझत आलेले निखारेही तितकेच घातक असतात, वर राख धरली म्हणून ते निरुपद्रवी होत नाहीत. थंडीवर उपाय म्हणजे चांगली स्लीपिंग बॅग आणि झोपण्याआधी पायाशी गरम पाण्याची पिशवी. कार्बन मोनॉक्साइडचा आणि धुराचा, असे दोन्ही अलार्म आत लावा, आग आत पेटवणार नसलात तरी. शेजारच्या गाडीचं इंजिन किंवा जनरेटर रात्री सुरू झाला तर धूर तुमच्या झरोक्यातून आत येऊ शकतो.

इंधनाचा नियम यालाच जोडून. एलपीजी आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, गळली की फरशीवर पसरते, आणि तुमची उशी तिथून फूटभरच वर आहे. सिलिंडर आणि पेट्रोलचा कॅन झोपायच्या पेटीत ठेवायचाच नाही. तो पुढे, गाडीला जोडायच्या दांड्यावर, बाहेरच्या बाजूला, तळाशी उघडी भोकं असलेल्या कप्प्यात बसवा. सामानाच्या ट्रेलरमध्येही ही शिस्त पाळलेली बरी, कारण एखाद्या रात्री पाऊस आला म्हणून कुणीतरी आत झोपतंच.

आणि दार! माल वाहणाऱ्या पेटीचं दार बाहेरून दांड्याने बंद होतं आणि आतून उघडतच नाही. आत माणूस असताना बाहेरून कुणी गमतीत दांडा लावला, किंवा तो स्वतःच खाली पडला, तर आतला माणूस अडकला. आतून एका हाताने, अंधारात, उघडता येणारी कडी बसवल्याशिवाय कुणी आत एक डुलकीही घेऊ नये. शिवाय बाहेर पडायची दुसरी वाट हवी, मोठी खिडकी किंवा छताचं झाकण चालेल. स्वयंपाकघर मागे असेल आणि आग तिथेच लागली तर मागच्या दाराचा उपयोग नाही, हे लक्षात घेऊनच दुसरी वाट ठरवा.

भिंतींना २५ मिलिमीटरचा फोम पुरतो. फक्त धातूच्या फासळ्या उघड्या सोडू नका, त्या गार राहतात आणि नेमक्या रेषेत पाणी गळतं. गादीखाली सपाट फळी न ठेवता पट्ट्या ठेवा, बोटभर अंतर सोडून, नाहीतर काही आठवड्यांत गादीला बुरशी धरते.

आता सामानाच्या बाजूला येतो. इथे धोका रात्रीचा नसतो, रस्त्यावरचा असतो. झोपायच्या ट्रेलरचं वजन बहुतांशी बांधकामातच असतं, एकदा तोल साधला की तो जवळपास तसाच राहतो. सामानाच्या ट्रेलरचा तोल दर सहलीला नवा असतो, आणि एकाच सहलीतही बदलत जातो. ट्रेलरचा नाकभार, म्हणजे हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) खाली येणारं वजन, उत्तर अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. युरोपात तो कमी असतो आणि वेगमर्यादाही कमी असते. तुमच्या गाडीच्या आणि हिचच्या पुस्तिकेत कमाल आकडा दिलेला असतो, तो ओलांडायचा नाही. पण नाकभार फार कमी होणं त्याहून वाईट. वजन ॲक्सलच्या मागे गेलं की ट्रेलर डोलायला लागतो आणि ठरावीक वेगानंतर ते डोलणं आपोआप वाढत जातं.

एक उदाहरण आकड्यांत. भरलेला ट्रेलर ६०० किलोचा, नाकभार ६० किलो, म्हणजे १० टक्के. कपलरपासून (दांड्याच्या टोकाला हिचवर बसणाऱ्या भागापासून) ॲक्सल २.६ मीटरवर, आणि ॲक्सलच्या एक मीटर पुढे ६० लीटरची पाण्याची टाकी. टाकी संपली की नाकावरचे सुमारे २३ किलो कमी होतात. उरले ३७, ५४० किलोच्या ७ टक्के. आता मागच्या दारावर, ॲक्सलपासून १.७ मीटर मागे, मिळून ३० किलोच्या दोन सायकली टांगा. आणखी २० किलो गेले. उरले १७ किलो, ५७० किलोच्या जेमतेम ३ टक्के. निघताना झकास चालणारा ट्रेलर परतीच्या उतारावर गाडीलाच हलवायला लागतो तो असा. माणसं तीच, फक्त पाणी संपलेलं आणि सायकली मागे टांगलेल्या. म्हणून पाण्याची टाकी शक्यतो ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचितच पुढे घ्या, सायकली गाडीवर किंवा ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर न्या, आणि सर्वात जड वस्तू तळाशी, ॲक्सलजवळ ठेवा. नाकभार मोजायला घरचा वजनकाटा चालतो: ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना अडसर लावलेला, आणि कपलरखाली हिचच्याच उंचीवर ठोकळा उभा करून तो काट्यावर. काट्याची मर्यादा आधी बघून घ्या.

ट्रेलर डोलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, दाबून ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सुटायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. विजेवर चालणारे ट्रेलर ब्रेक असतील तर फक्त ते हाताने हलके लावा. युरोपीय नियमांत ७५० किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे नाहीत, त्यावर आहेत. तुमच्याकडची मर्यादा वेगळी असू शकते, पण ट्रेलरच्या पाटीवरचं कमाल वजन सगळीकडे सारखंच बंधनकारक समजा. रिकामा ट्रेलर ३५० किलोचा आणि कमाल ७५० असेल तर तुमच्या वाट्याला ४०० किलो येतात. ऐकायला भरपूर वाटतं. पाणी, फ्रिज, बॅटरी, गॅस, हत्यारं, तंबू, चौघांचे कपडे घालून वजनकाट्यावर नेल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात. पेटीत जागा उरली की ती भरतेच. आणि नाकभार गाडीच्या वहनक्षमतेतून वजा होतो, हे सीटवर चौघं बसलेले असताना विसरू नका.

सामानाच्या ट्रेलरला दुसरा शत्रू म्हणजे हादरे. ॲक्सलच्या स्प्रिंग कमाल वजनासाठी बनवलेल्या असतात, त्यावर निम्माच भार असेल तर पेटी प्रत्येक खड्ड्यावर उसळते. आत कुणी बसलेलं नसतं म्हणून ते कळत नाही, कळतं ते मुक्कामावर दार उघडल्यावर. पत्र्याचे डबे एकमेकांना घासून भोकं पडतात, बाटल्यांची झाकणं उलगडतात, स्क्रू सुटून फरशीवर लोळतात. प्रत्येक वस्तू आवळून बांधा, मध्ये कापड घाला, आणि टायरमधली हवा प्रत्यक्ष वजनानुसार टायर कंपनीच्या तक्त्यातून ठरवा. कमाल दाब टायरवर छापलेला असतो म्हणून तेवढाच भरायचा असं नाही. बेअरिंगला दरवर्षी नवं ग्रीस, आणि टायर पाच-सहा वर्षांनी बदलायचे, नक्षी शाबूत दिसली तरी. ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त मरतात.

धुळीच्या रस्त्यावर बंद पेटी मागच्या फटीतून धूळ ओढते, कारण धावत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी झालेला असतो. पुढच्या बाजूला जाळीचा झरोका ठेवला की आतला दाब थोडा वाढतो आणि धूळ कमी येते. झोपायच्या ट्रेलरमध्ये हीच धूळ उशीवर बसते, त्यामुळे कच्च्या रस्त्यावर गादीवर चादर घालून वर प्लास्टिक टाकायला कंटाळू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून तिसरा मार्ग: ट्रेलरच्या छतावर बसणारा तंबू. सामान खाली, माणसं वर. ज्यांना सामानही जास्त आहे आणि जागाही रोज बदलायची आहे त्यांच्यासाठी हा खरा तोडगा आहे. पण असा तंबू ५० ते ७० किलोंचा असतो, आणि ते सगळं वजन सर्वात उंचावर जातं. वळणावर ट्रेलर जास्त कलतो. रात्री शिडीने उतरावं लागतं, झोपेत, पावसात. काही रचनांत तंबू उघडा असताना खालच्या पेटीचं झाकण उघडत नाही, म्हणजे चहाची पातेली खाली अडकलेली. विकत घेण्याआधी तंबू उघडून सगळी दारं उघडून बघा. गाडीपासून सोडलेल्या ट्रेलरवर कुणी वर चढण्याआधी चारही कोपऱ्यांचे पाय टेकलेले असले पाहिजेत.

जंगली जनावरांच्या प्रदेशात हिशेब थोडा बदलतो. काही जागी कापडी भिंतींना परवानगीच नसते. अमेरिकेतल्या यलोस्टोनमधला फिशिंग ब्रिज हा कॅम्प अस्वलांमुळे फक्त टणक भिंतींच्या वाहनांना प्रवेश देतो. अशा ठिकाणी टणक पेटीत झोपण्याला अर्थ आहे, पण झोपायच्या जागी खाण्याचं काही ठेवायचं नाही हा नियम तिथेही आहेच. म्हणजे आत झोपणाऱ्याला अन्न बंद गाडीत किंवा तिथल्या लोखंडी पेटीत ठेवावं लागतं. सामानाच्या ट्रेलरचं दार घट्ट आणि टणक असेल तर अन्न तिथे आणि माणसं दूर तंबूत, अशी मांडणी करता येते, जिथे तंबूला मुभा आहे तिथे.

मुलांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आईवडील पेटीत आणि लहान मुलं शेजारच्या तंबूत, ही मांडणी मी कुणालाही सुचवत नाही. फोम लावलेल्या भिंतीतून बाहेरचं रडणं ऐकू येईलच असं नाही. चौघं असाल तर चौघंही तंबूत. मुलं मोठी झाली की तीच म्हणतील, तुम्ही ट्रेलरमध्ये जा. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कुणालाही बसवायचं किंवा झोपवायचं नाही, मूल दमलेलं असलं तरी. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि कायदा नसता तरी उत्तर हेच असतं. ट्रेलरची नोंदणी मालवाहू म्हणून असेल तर आत पलंग बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारून ठेवा.

मुक्कामावर पोचल्यावरचा क्रम दोन्ही प्रकारांत सारखा: आधी चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर, मग गाडीपासून सोडणं, मग पुढच्या दांड्याखालच्या छोट्या चाकाने समतोल, आणि शेवटी कोपऱ्यांचे पाय. हे पाय ट्रेलर स्थिर करायला असतात, उचलायला नाही. त्यांनी उचलायला गेलात तर ते वाकतात. आत झोपणार असाल तर उतार आडवा नसावा, दोघंही एकाच भिंतीला घसरता. लांबीत उतार असेलच तर डोकं वरच्या बाजूला घ्या. एका चाकाखाली फळी घालून आडवा उतार काढता येतो, पण ते गाडी जोडलेली असतानाच.

राहिला काढता येणारा पलंग. चौकट दोन भागांत करा, प्रत्येक भाग एकट्याला उचलता येईल एवढा. पट्ट्या चौकटीला, चौकट फरशीला चार बोल्टने. फरशीत सामान बांधायच्या कड्या आत्ताच बसवा, सपाट बसणाऱ्या, फरशीच्या प्लायला नव्हे तर खालच्या लोखंडी चौकटीला बोल्ट करून. पलंग असताना त्या पट्ट्यांखाली लपतात, पलंग काढला की पट्टे लगेच ओवता येतात. गादीही दोन तुकड्यांची घ्या, म्हणजे चौघांच्या सहलीला ती घरी ठेवणं सोपं जातं. स्वयंपाकघराचं कपाट मात्र मागे कायमचं ठेवा, ते दोन्ही प्रकारच्या सहलीत लागतं. ते बांधून झालं की नाकभार पुन्हा मोजा, कारण ते कपाट ॲक्सलच्या मागे आहे. सुरुवात झरोके आणि आतल्या कडीपासून करा, गादी सर्वात शेवटी घ्या.